वादळानंतर छपरावर टाकलेले पत्रे, काही महिन्यांच्या वापरानंतर: पत्रा ठीक, राग स्क्रूंवर

पत्र्याबद्दल तक्रार नाही. रंग उडालेला नाही, कापलेल्या कडा सोडल्या तर गंज नाही. गळती मात्र सुरू झाली आहे, आणि ती पत्र्यातून नाही, स्क्रूच्या डोक्याखालून आहे. त्यामुळे हा अनुभव पत्र्याचा कमी आणि स्क्रूचा, म्हणजेच वादळ ओसरताच दारात उभ्या राहणाऱ्या ठेकेदारांचा जास्त. पुढे येणारी कॉइल म्हणजे पत्रा बनवायची सपाट पोलादी गुंडाळी, आणि प्रोफाइल म्हणजे तिच्यावर पाडलेले उंच-खोल आकार.

गळणारा स्क्रू जवळून बघा. वॉशरखालचं काळं रबर चारी बाजूंनी बाहेर आलेलं आणि कडेला फाटलेलं असतं. वरची धातूची चकती वाकलेली असते. भोवतीचा उंचवटा दबून तिथे खळगा झालेला असतो आणि पाणी नेमकं त्यात थांबतं. इम्पॅक्ट ड्रायव्हरने ठोकून आवळल्याची ही खूण आहे. योग्य पद्धत म्हणजे खोली ठरवता येणारी स्क्रूगन वापरायची आणि रबर चकतीच्या कडेपर्यंत जेमतेम आलं की थांबायचं. याच्या उलट, वॉशर बोटाने फिरत असेल तर स्क्रू सैल राहिला आहे. वॉशरचा एक भाग दबलेला आणि दुसरा उचललेला दिसला तर स्क्रू तिरका गेला आहे. तिन्ही प्रकार गळतात, पण आवळून फाटलेला सर्वात वाईट, कारण पहिल्या काही सरींत तो बरोबर बसल्यासारखा वाटतो आणि रबर उन्हाने कडक झालं की मग पाणी सोडतो.

रबराची जातही बघा. चांगल्या स्क्रूला ईपीडीएमचा (उन्हापावसात टिकणाऱ्या कृत्रिम रबराचा) वॉशर असतो, चकतीला कायमचा चिकटवलेला. नखाने सोलून निघत नाही, दाबून सोडला की परत मूळ आकारात येतो. स्वस्त स्क्रूला पीव्हीसी किंवा साध्या रबराची सुटी रिंग असते. ऊन लागलं की तिला बारीक चिरा पडतात. डोक्यावर नुसतं चकचकीत झिंक प्लेटिंग असेल तर उघड्यावर ते लवकर संपतं आणि गंजाचा ओघळ रंगीत पत्र्यावर उतरतो. काम सुरू होण्याआधी स्क्रूचं सीलबंद खोकं मागा आणि त्यातला मूठभर माल स्वतःकडे ठेवा. मागून दुसराच माल आला तर दाखवायला पुरावा राहतो.

एवढा राग का, तर अख्ख्या कोटेशनमधली सर्वात स्वस्त वस्तू हीच आणि सर्वात जास्त बचत हिच्यातच मारली जाते. पत्रे कुणीही मोजतो, स्क्रू कुणी मोजत नाही. तेव्हा मोजा. समजा छपराचा उतार ६ मीटर, लांबी १० मीटर, पत्रा १ मीटर झाकणारा आणि त्याला पाच उंचवटे. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे आधार, १.२ मीटरवर म्हणजे सहा ओळी. खालची वळचण आणि वरचं आढं या दोन ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा: १००. मधल्या चार ओळींत एकाआड एक उंचवटा धरला तर पत्र्याला तीन: १२०. दोन पत्र्यांच्या शेजारच्या जोडावर दर अर्ध्या मीटरला छोटा जोडस्क्रू: साधारण १००. म्हणजे आढ्याची टोपी सोडून ६० चौरस मीटरला सव्वातीनशेच्या आसपास. ठेकेदार दोनशे स्क्रूंत काम उरकतो म्हणाला तर उरलेले कडांचेच गेले समजा. वादळात वारा सर्वात जास्त खेचतो तो कडांवर, कोपऱ्यांवर आणि आढ्यापाशी. त्या ओळीतला वाचवलेला स्क्रू पुढच्या वादळात पूर्ण पत्रा घेऊन जातो.

स्क्रू उंचवट्यावरच मारायचा, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगट भागातूनच वाहतं. लांबीही त्याच हिशेबाने: उंचवटा ३० मिमी असेल तर साधारण ५५ मिमीचा स्क्रू, म्हणजे पर्लिनच्या खाली निदान तीन आटे दिसतात. आतून मान वर करून पाहिलं की हे पाच मिनिटांत तपासता येतं.

पत्र्याची जाडी तपासायला वजनकाटा पुरतो. कोटेशनमध्ये "०.५० मिमी" एवढंच लिहिलेलं असतं, पण ती रंगासकट जाडी की मूळ पोलादाची, हे विचारा. १२२० मिमी कॉइलपासून बनलेल्या, मूळ पोलाद ०.४५ मिमी असलेल्या आणि चौरस मीटरला १५० ग्रॅम झिंक-अॅल्युमिनियमचा थर असलेल्या पत्र्याचं वजन मीटरला साधारण साडेचार किलो. तीन मीटरचा पत्रा साडेतेरा किलो. काट्यावर साडेदहा-पावणेअकरा आलं तर पोलाद ०.३५ मिमीचं आहे. माल उतरवतानाच दोन-तीन पत्रे तोला, छपरावर चढल्यावर नाही. तसंच रेट झाकलेल्या क्षेत्राचा की कॉइलच्या रुंदीचा, हे लिहून घ्या. १२२० मिमीची कॉइल प्रोफाइल पाडल्यावर साधारण १००० मिमी झाकते. हिशेब कॉइलवर धरला तर बिल तिथेच बावीस टक्के फुगतं.

वॉरंटीबद्दलचं मत वापरानंतर बदललं आहे. घेताना कंपनीची लांबलचक वॉरंटी हेच मोठं कारण वाटतं. प्रत्यक्षात ती असते पत्र्याला भोक पडण्यावर आणि रंग उडण्यावर. स्क्रूभोवतीची गळती, चुकीचा ओव्हरलॅप, ग्राइंडरने जाळलेली कड ही बसवणाऱ्याची जबाबदारी, आणि बसवणारा वादळाबरोबर आलेला असेल तर वादळाबरोबरच गेलेला असतो. म्हणून आता पत्र्याच्या वॉरंटीला फार वजन देत नाही. बसवण्याची वॉरंटी वेगळ्या कागदावर, कायमच्या पत्त्यासह, सही करून देणारा असेल तर थोडा जास्त रेटही परवडतो.

ग्राइंडरवरून आठवलं. पत्रा ग्राइंडरने कापला की कडेचा थर जळतो आणि उडालेला लोखंडाचा कीस रंगावर चिकटून गंजाचे ठिपके पडतात. कात्रीने किंवा निबलरने (पत्रा कुरतडत कापणाऱ्या हत्याराने) कापायला लावा आणि ड्रिलचा कीस त्याच दिवशी मऊ झाडूने काढून घ्या.

आता सर्वात चीड आणणारा प्रकार: नुकसान वाढवून दाखवणं. "फुकटात बघून देतो" म्हणत वर गेलेला माणूस चार स्क्रू काढून खाली येतो आणि फोटो दाखवतो. वाऱ्याने उचकटलेल्या ठिकाणी पत्रा स्क्रूभोवती फाटलेला असतो, भोक लांबट होतं, पर्लिनच्या रेषेत पत्र्याला मोड पडतो आणि बऱ्याचदा स्क्रू पर्लिनमध्येच राहतो. हाताने काढलेल्या ठिकाणी भोक गोल आणि स्वच्छ असतं, पत्र्याला मोड नसतो. म्हणून कुणालाही वर पाठवण्याआधी शिडीवरून किंवा शेजारच्या उंच जागेवरून सगळ्या बाजूंचे फोटो काढून ठेवा. ओल्या पत्र्यावर स्वतः चालू नका.

विमा असेल तर आधी कंपनीला कळवा, मग दुरुस्ती. तोपर्यंत ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारावर घेऊन पट्ट्यांनी दाबा. आढ्याच्या अलीकडेच संपवली तर वरच्या कडेतून पाणी आत शिरतं. हे काम तात्पुरतं आहे, याच्या पावतीवर पूर्ण छपराच्या कामाची सही मागणाऱ्याला परत पाठवा. कोऱ्या दाव्याच्या फॉर्मवर सही करायची नाही, दाव्याचे हक्क ठेकेदाराच्या नावे करायचे नाहीत. "तुमच्या वाट्याची (विमा देत नाही ती) रक्कम मी सोसतो" म्हणणारा ती बिलात फुगवून वसूल करणार, आणि त्या खोट्या बिलावर नाव तुमचं असणार.

पैसे टप्प्याने द्या: माल तोलून उतरल्यावर एक हप्ता, काम संपल्यावर दुसरा, आणि दहा टक्के पहिल्या जोरदार पावसानंतर. पाऊस लांब असेल तर पाइपने पाणी मारून बघा. वळचणीपासून सुरुवात करायची, प्रत्येक टप्प्यावर दहा-पंधरा मिनिटं, मग वर सरकायचं, आत एक माणूस टॉर्च घेऊन. वरून सुरू केलं तर पाणी नेमकं कुठून आलं ते कळत नाही.

गळके स्क्रू बदलताना त्याच भोकात त्याच मापाचा स्क्रू मारणारा पैसे खातो, कारण आटे मोठ्या झालेल्या भोकात धरत नाहीत. ५.५ मिमीच्या जागी ६.३ मिमीचा स्क्रू, नवा ईपीडीएम वॉशर. वरून सिलिकॉन थापून देणाऱ्याला नाही म्हणा. त्यातही व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन झिंकचा थर खातं, म्हणजे आजची गळती थांबून त्याच जागी गंज सुरू होतो. जोडाला लावायचंच असेल तर न्यूट्रल (तसा वास नसलेलं) सिलिकॉन, आणि तेही पत्र्यांच्या मध्ये, डोक्यावर नाही.