तारे, पूर्वज की माणसांची गर्दी? प्राचीन पवित्र स्थळांबद्दलचं कोणतं मत धरावं

इंग्लंडमधलं स्टोनहेंजचं दगडी वर्तुळ, आयर्लंडमधलं न्यूग्रेंज, तुर्कस्तानातलं गोबेकली टेपे यांच्याविषयी थोडंफार वाचून झालं की खरी अडचण सुरू होते. 'हे कशासाठी उभारलं?' याची इतकी उत्तरं समोर येतात, आणि जो तो आपलं उत्तर इतक्या खात्रीनं सांगतो, की कोणतं धरून पुढचं वाचावं ते कळेनासं होतं. सगळ्यांत थोडंथोडं तथ्य आहे असं म्हणून सुटका करून घेता येते. पण तसं म्हणणारा माणूस त्या दगडांपुढे उभा राहिला की पाहायचं काय हेच त्याला सुचत नाही. त्यापेक्षा एक मत पुढे ठेवावं आणि बाकीची त्याच्या मागे उभी करावीत. मी तसंच केलं. कोणतं पुढे ठेवलं ते ओघात येईलच.

परग्रहावरून आलेल्यांनी हे बांधलं म्हणणाऱ्यांना मी या निवडीत घेतलेलं नाही. माणसांनी घाम गाळला ही गोष्टच त्या मताला पटत नाही, आणि मला नेमकं त्या घामाचंच कुतूहल आहे.

सगळ्यात देखणं मत आकाशाचं. या जागा म्हणजे वेधशाळा, दगडी पंचांगं, ग्रहणांचा अंदाज बांधण्याची यंत्रं. या मताचा सर्वांत भक्कम पुरावा आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजला आहे. इ.स.पू. ३२००च्या सुमारास रचलेल्या त्या टेकाडाच्या दारावर एक वेगळा झरोका आहे. १९६७ सालच्या २१ डिसेंबरला उत्खनन करणारे मायकेल ओ'केली आत जाऊन बसले आणि त्या झरोक्यातून आलेली सूर्याची तिरीप १९ मीटर लांबीचा बोळ ओलांडून आतल्या खोलीत पोचलेली त्यांनी पाहिली. दार असताना त्याच्या वर पुन्हा झरोका ठेवायला दुसरं कारण सापडत नाही. तिथे मी आकाशवाल्यांना हात जोडतो.

पोर्तुगाल-स्पेनच्या सीमेजवळ प्रत्येकी सात दगडांच्या जुन्या कबरी आहेत. खगोलशास्त्राचे इतिहासकार मायकेल हॉस्किन यांनी त्यांतल्या १७७ कबरींची तोंडं मोजली. सगळ्यांची तोंडं वर्षभरात सूर्य जिथून जिथून उगवतो त्या पट्ट्यातच निघाली. एकाच तऱ्हेच्या इतक्या जागा एकच गोष्ट सांगत असतील तर ऐकावंच लागतं.

माझं बिनसलं ते रेषांवरून. बहुतेक ठिकाणी या मताची रीत अशी असते: जागेचा नकाशा घ्यायचा, एका दगडावरून दुसऱ्या दगडाकडे रेषा ओढायची आणि ती क्षितिजाला टेकते तिथे कोण उगवतं किंवा मावळतं ते पाहायचं. वाचताना पटत जातं. एकदा मी सहज म्हणून कोऱ्या कागदावर वीस बटणं भिरकावली, बाजूला उत्तर दिशा धरली आणि पट्टी घेऊन बसलो. थोड्या वेळात माझ्याकडे उन्हाळ्यातला सर्वांत उत्तरेकडचा सूर्योदय होता, हिवाळ्यातला सूर्यास्त होता, आणि चंद्राच्या दोन-तीन टोकांच्या जागाही. बटणांचं मंदिर बऱ्यापैकी पवित्र निघालं.

यात जादू नाही, साधा हिशेब आहे. सूर्याच्या टोकाच्या दिशा चार: ऐन उन्हाळ्यातला आणि ऐन हिवाळ्यातला उगवता-मावळता. चंद्राच्या टोकाच्या जागा सुमारे साडेअठरा वर्षांच्या फेऱ्यात बदलतात, म्हणून त्याच्या आठ. प्रत्येक दिशेला दोन्ही बाजूंनी दोन-दोन अंशांची सूट दिली तर बारा दिशांनी ३६० पैकी ४८ अंश व्यापले. म्हणजे आठातली एक रेषा आपोआप 'जुळते'. वीस ठिपक्यांच्या जोड्या होतात १९०, त्यांतल्या पंचवीसेक रेषा काहीही न करता खगोलशास्त्रीय ठरतात. त्यात ठळक तारे घेतले तर विचारूच नका. न जुळलेल्या दीडशेहून अधिक रेषांचं काय झालं, ते सहसा कोणी छापत नाही. एकदा हे लक्षात आल्यावर आकाशाचं नवं मत वाचताना माझी नजर आधी त्या गाळलेल्या रेषा शोधू लागली, आणि मग मजा गेली ती गेलीच.

स्टोनहेंजच्या कडेला ५६ खड्ड्यांचं वर्तुळ आहे, ऑब्रे खड्डे म्हणतात त्यांना. जेराल्ड हॉकिन्स या खगोलशास्त्रज्ञानं १९६३ पासून संगणक लावून स्टोनहेंजच्या रेषा तपासल्या आणि पुढे हे ५६ खड्डे म्हणजे ग्रहणं मोजायचं साधन असं मांडलं. मग फ्रेड हॉइल या दुसऱ्या खगोलशास्त्रज्ञानं त्याच ५६ खड्ड्यांतून ग्रहणं वर्तवण्याची वेगळीच पद्धत बसवून दाखवली. दोन्ही गणितं चालतात! रिचर्ड अ‍ॅटकिन्सन या पुरातत्त्वज्ञानं हॉकिन्सवर सडकून टीका केली, आणि ती रास्तच होती, कारण स्टोनहेंज कित्येक शतकं घडत-मोडत होतं आणि तिथले सगळे दगड-खड्डे एका काळातले नाहीत. त्या खड्ड्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या उत्खननात काय मिळालं होतं? जळालेली माणसांची हाडं.

हॉकिन्सविषयी मला तरी आदर वाटतो, त्याचं कारण पेरूमध्ये आहे. तोच माणूस पुढे नाझ्काच्या वाळवंटात गेला आणि तिथल्या प्रचंड रेषांना त्यानं तीच संगणकाची कसोटी लावली. योगायोगानं जेवढं जुळायला हवं त्याहून फारसं जास्त जुळत नाही, असा निष्कर्ष निघाला आणि तो त्यानं जाहीरही केला. आकाशाच्या बाजूच्या माणसाकडून 'नाही' ऐकायला मिळण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

त्या हाडांवरून आपण दुसऱ्या मताकडे येतो: या जागा मेलेल्यांच्या, पूर्वजांच्या. स्टोनहेंजपुरतं हे मत चांगलंच तगडं आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ माइक पार्कर पीअर्सन यांना ते सुचलं ते मादागास्करचे पुरातत्त्वज्ञ रामिलिसोनिना यांच्यामुळे. दगड पूर्वजांसाठी आणि लाकूड जिवंत माणसांसाठी, ही त्यांच्याकडची साधी समजूत त्यांनी स्टोनहेंजपुढे उभं राहून बोलून दाखवली. तीन किलोमीटरवर डरिंग्टन वॉल्सला लाकडी खांबांची वर्तुळं आणि वस्ती, इकडे दगडांचं वर्तुळ आणि राख. मांडणी नेटकी बसते. मादागास्करची समजूत ब्रिटनच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांना कशी लावायची, ही शंका उरतेच. पण निदान या मताला जमीन खणून तपासता येतं. हाडं एक तर असतात, नाही तर नसतात. पंचाईत एवढीच की बऱ्याच भव्य जागांवर ती नसतात, किंवा जागेच्या मानानं अगदी थोडी असतात. गोबेकली टेपेला कवट्यांचे कोरलेले तुकडे मिळाले, पण आत्तापर्यंत दफनभूमी नाही.

आरोग्यधामाचं मत मी लवकर आटोपतो. टिम डार्व्हिल आणि जेफ वेनराइट या पुरातत्त्वज्ञांच्या मते वेल्समधून आणलेले निळसर दगड गुणकारी समजले जात आणि आजारी लोक त्यांच्या ओढीनं येत. आल्प्सच्या बाजूला वाढलेला, गुडघा निकामी झालेला एक माणूस स्टोनहेंजपासून काही किलोमीटरवर पुरलेला सापडला, तो त्यांचा आवडता साक्षीदार. एका गुडघ्यावर एवढा डोलारा मला पेलवत नाही.

आता राहिलं ते मत, जे ऐकायला सर्वांत फिकं आहे: माणसं जमावीत, एकत्र राबावीत आणि एकत्र जेवावीत, यासाठी या जागा. वेधशाळा म्हटल्यावर जो थरार वाटतो तो यात नाही. पण हे मत कचऱ्यातून बोलतं, आणि कचरा कोणाची बाजू घेत नाही. डरिंग्टन वॉल्सच्या उकिरड्यांत डुकरांच्या हाडांचे ढीग मिळाले. दातांवरून बरीचशी डुकरं नऊएक महिन्यांची असताना मारलेली दिसतात. वसंतात जन्मली असं धरलं तर मेजवानी ऐन हिवाळ्यातली. हाडा-दातांच्या रासायनिक तपासणीवरून जनावरं लांबलांबून, काही कदाचित स्कॉटलंडपासून, आणलेली असावीत असं दिसतं. किती लांबून, यावर अजून वाद आहेत. तरी घरचं डुक्कर जवळ नसतं म्हणून कोणी शेकडो किलोमीटर हाकत आणत नाही.

स्टोनहेंजचा अक्ष हिवाळ्यातल्या सूर्यास्ताला धरून आहे, हे इथे माझ्या उपयोगी पडतं. आकाशाला मी हाकलत नाही. त्यानं दिवस नेमून दिला. पण दिवस नेमायला दोन लाकडी खांब पुरतात. जर्मनीत गोझेकला इ.स.पू. ४९००च्या सुमारास लोकांनी खांबांच्या कुंपणात दोन फटी ठेवून तेवढं काम भागवलं होतं. मी स्टोनहेंज पाहिलं ते भर दुपारी, दोरीच्या अलीकडून. सूर्य कुठल्या दगडावर येतो याचं तिथे काहीच वाटलं नाही. नजर गेली ती आडव्या दगडांकडे. सुतार लाकडाला करतो तसे खुंटी-खाचेचे सांधे त्या अजस्र दगडांत कोरलेत. सूर्याला सांध्याची गरज नाही. ती गरज माणसांची, जी कितीतरी हंगाम तिथे घासत, ठोकत, उचलत बसली असणार. मधला सहा टनांचा आडवा पडलेला दगड तर ईशान्य स्कॉटलंडमधला, म्हणजे सातशे किलोमीटरहून लांबचा, असं २०२४ मध्ये सिद्ध झालं. दगड जवळही होतेच की.

गोबेकली टेपेला इ.स.पू. ९५००च्या सुमाराचे, साडेपाच मीटरपर्यंत उंच खांब आहेत, आणि त्यांच्या आसपास रानटी जनावरांची हाडं, मोठाली दगडी पात्रं, दळण्या-कुटण्याची हजारो दगडी साधनं. तिथलं उत्खनन करणारे क्लाउस श्मिट यांचं म्हणणं होतं की इथे वस्ती नव्हती, लोक फक्त जमायला येत. नंतर घरं आणि पावसाचं पाणी साठवण्याच्या सोयी सापडल्या, त्यामुळे ते म्हणणं जसंच्या तसं टिकत नाही. माझ्या आवडत्या मतालाही हा चिमटा आहे आणि तो मी मान्य करतो. राबणाऱ्यांच्या जेवणाचा भाग मात्र त्यानं खोटा पडत नाही.

या मतावरचा नेहमीचा आक्षेप असा की माणसं कुठेही जमतात, मग यात सांगितलं काय? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचं जमेल तसं उत्तर सिल्बरी हिलला मिळतं. स्टोनहेंजच्या उत्तरेला पंचवीसएक किलोमीटरवरची ही माणसांनी रचलेली टेकडी, चाळीस मीटरच्या आसपास उंच, इ.स.पू. २४००च्या सुमाराची. १७७६ मध्ये वरून विहीर खणली, १८४९ मध्ये बोगदा, १९६८ मध्ये पुन्हा बोगदा. राजा नाही, सोनं नाही, कबर नाही. सूर्य-चंद्राशी नातं जोडायलाही ठिपकाच नाही, नुसता गोल ढीग. या जुन्या खोदकामांमुळे २००० साली माथा खचला. मग सगळं बुजवताना आतला भाग नीट पाहिला गेला आणि कळलं की टेकडी एका आराखड्यानं एकदम उभी राहिली नव्हती. ती थर-थर, पुन्हापुन्हा, पिढ्यांनी वाढवली होती. आकाशाचं मत इथे गप्प होतं, पूर्वजांचंही. भर टाकायला येणं हेच काम होतं असं म्हणणारं एकच मत बोलू शकतं.

तेव्हा माझा सल्ला, पटला तर. न्यूग्रेंजला जाणार असाल तर खुशाल आकाश पुढे ठेवा, फक्त आतल्या खोलीत मोजकीच माणसं मावतात आणि बाकीच्यांनी बाहेर काय केलं असेल, हेही विचारा. पोर्तुगाल-स्पेनकडच्या त्या कबरींना तर सूर्य आणि पूर्वज दोन्ही लागतात. बाकी बहुतेक ठिकाणी मी आधी हाडांचा आणि राखेचा अहवाल वाचतो, मग दगड कुठून आले ते पाहतो, आणि रेषांचा नकाशा सगळ्यात शेवटी उघडतो. त्या नकाशात न जुळलेल्या रेषाही छापल्या असतील तर जरा जास्त वेळ देतो.