राज्य सरकारचा रिव्ह्यू: नवीन माल झकास, सर्व्हिसिंगची बोंब

लोक हॉटेलचा, मोबाईलचा, अगदी चार्जिंग केबलचा पण रिव्ह्यू टाकतात, पण ज्या सर्व्हिसचे पैसे आपण पेट्रोल भरताना, फ्लॅट रजिस्टर करताना, दुकानातून काहीही घेताना न चुकता भरतो त्या महाराष्ट्र सरकारचा रिव्ह्यू कोणी नीट टाकत नाही. एकतर आरती नाहीतर शिव्या. म्हणून हा माझा. पाचपैकी तीन स्टार. कुठला पक्ष, कोण मुख्यमंत्री ते बाजूला ठेवतोय, वर खुर्च्या इतक्या वेळा फिरल्यात की हिशोब लागत नाही आणि खाली काउंटरवर बसलेला माणूस तोच आहे.

चांगल्यापासून सुरू करतो. डिजिटल सातबारा. 15 रुपये भरा, पीडीएफ डाऊनलोड करा, खाली डिजिटल सही आलेली असते, संपला विषय. ज्यांनी तलाठी भाऊसाहेब सज्जावर (म्हणजे त्यांच्या ऑफिसात) कधी भेटतील याची चौकशी करत अख्खा दिवस घालवलाय (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे) त्यांनाच या 15 रुपयांची किंमत कळेल. याला पाचपैकी पाच. पण हेच जरा पुढे जाऊन वारस नोंद करायला गेलात की गंमत बघा, अर्ज ऑनलाइन होतो, कागद ऑनलाइन चढतात आणि मग फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, मंडळ अधिकाऱ्याकडे जाऊन बसतो तो बसतोच. शेवटी चुलत्यांना गाडीवर बसवून जावंच लागतं, "साहेब जरा बघा ना" म्हणायला.

दाखल्यांचं तर विचारूच नका. 2015 साली लोकसेवा हक्क कायदा आला, 'आपली सेवा आमचे कर्तव्य' हे ब्रीदवाक्य, दाखला किती दिवसांत द्यायचा ते ठरलेलं, नाही दिला तर पहिलं अपील, दुसरं अपील, मग थेट आयोग, आणि अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. कागदावर बघितलं तर देशात भारी कायदा आहे. आता प्रत्यक्ष. बारावीचा निकाल लागला की सेवा केंद्रात उत्पन्न, डोमिसाईल, नॉन क्रिमिलेअर यासाठी जी झुंबड उडते त्यात माझी भाची पण होती, एका तालुक्याच्या गावी, नाव घेत नाही. केंद्रवाल्याने बोर्डावरच्या रेटच्या तिप्पट पैसे घेतले, "सर्व्हर डाऊन आहे, कागद ठेवून जा" म्हणाला, आणि मुदत संपायला आली तेव्हा अर्ज 'त्रुटी' शेरा मारून परत. त्रुटी काय, तर शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स पुसट आहे. आता ही ट्रिक समजून घ्या, अर्ज परत पाठवला की तो उशीर धरला जात नाही, घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू, म्हणजे रिपोर्टमध्ये सगळं वेळेत. आणि अपील कोण करणार? ॲडमिशनची तारीख थांबत नाही आणि पुढच्या वेळी त्याच ऑफिसात जायचंय.

आता रस्ते. समृद्धी महामार्गावर मी गाडी चालवतो, वरचेवर नाही पण चालवतो, आणि खरं सांगू, पहिल्यांदा जालन्याकडून नागपूरला गेलो तेव्हा हा आपल्याच राज्यातला रस्ता आहे का असं वाटलं. 701 किलोमीटर, डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी उघडला आणि 5 जून 2025 ला शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा, त्यातला बोगदा तर जवळपास 8 किलोमीटरचा. विदर्भातली संत्री, मराठवाड्यातला पेशंट, दोघांसाठी हा रस्ता म्हणजे खरंच मोठी गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण रस्ता उघडला तेव्हा मैलोन्‌मैल ना धड पंप, ना बाथरूम, ना चहाची टपरी. सरळसोट काँक्रीट, डोळे जड होतात, टायर तापतात. 1 जुलै 2023 ला सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून 25 जण गेले, त्यानंतर मग टायर चेक करा, ड्रायव्हरचं समुपदेशन करा वगैरे. आधी फीत, मग फर्स्ट एड. आणि आमण्याला उतरलात की पुढे भिवंडी, ठाणे, तिथे वाचवलेला सगळा वेळ व्याजासकट परत द्यायचा.

(मुंबई-गोवा महामार्गाबद्दल कोकणातल्या मित्रांनी लिहावं. 2011 पासून काम चालू आहे, राष्ट्रीय महामार्ग आहे म्हणून राज्य केंद्राकडे बोट दाखवतं, चाकरमानी गणपतीला खड्ड्यांतूनच जातो.)

एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट, त्याआधी ऑगस्ट 2022 मध्ये 75 च्या वरच्यांना फुकट. स्कीम म्हणून मला मनापासून आवडली, आमची आई आता मावशीकडे जायला कोणाला विचारत नाही, आधार कार्ड पिशवीत टाकते आणि निघते. स्टँडवर गर्दी बघा, खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्या बायकाच जास्त. पण या सवलतीचे पैसे सरकारने महामंडळाला द्यायचे असतात आणि ते वेळेवर येत नाहीत, ही महामंडळाची जुनी रड. एप्रिल 2025 मध्ये एसटी कर्मचाऱ्यांच्या हातात आधी 56 टक्केच पगार पडला होता, उरलेला मागाहून. टाळ्या मंत्र्यांना, अर्धा पगार कंडक्टरला. आणि जानेवारी 2025 ला 14.95 टक्के भाडेवाढ पण झाली, ती आम्ही पुरुष पूर्ण भरतो, असो.

आता ज्याच्यावर कोणी बोलत नाही ते, बिल. अजित पवारांनी 10 मार्च 2025 ला मांडलेलं बजेट 7 लाख कोटींचं, त्यात महसुली तूट 45,891 कोटी, राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटींवर, डोक्यावर कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात जाणार असा अंदाज. लगेच 'राज्य बुडालं' म्हणून फॉरवर्ड करू नका, राज्याच्या सकल उत्पन्नाच्या (जीएसडीपी, सरकारच्या तिजोरीतल्या जमेच्या नाही) हिशोबात हे कर्ज 19 टक्क्यांच्या आसपास होतं, मर्यादा 25 ची, बऱ्याच राज्यांची अवस्था याहून वाईट आहे. मला खटकतं ते वेगळं. पगार, पेन्शन आणि व्याज यातच जमा झालेल्या रुपयातले 50 पैशांपेक्षा जास्त जातात. वरून लाडकी बहीण, महिना 1500, त्या वर्षी तरतूद 36 हजार कोटी. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई ते पैसे भिशीत टाकतात, स्वतःच्या नावावर पैसा आल्यावर बोलण्यात जो फरक पडलाय तो मी बघितलाय, त्यामुळे स्कीमला नावं ठेवणार नाही. पण सामाजिक न्याय खात्याचा निधी तिकडे वळवला म्हणून खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट जाहीरपणे चिडले होते, कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर आले, आणि त्याच काळात जून 2025 ला वर्ध्याजवळचं पवनार ते गोव्याच्या हद्दीवरचं पत्रादेवी अशा शक्तिपीठ महामार्गाला मंजुरी, 802 किलोमीटर, सुरुवातीलाच 20 हजार कोटींहून जास्त. कोल्हापूरचे शेतकरी जमीन देत नाही म्हणत होते ते वेगळंच. नव्यासाठी कर्ज उचलता येतं, पण तहसीलमधली रिकामी खुर्ची भरायची म्हटलं की वित्त विभागाची फाईल हलत नाही. तिसऱ्या स्टारनंतर माझा हात इथेच अडला.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. दाखल्याचा अर्ज शक्यतो स्वतः आपले सरकार पोर्टलवर करा, मे महिन्यातच करा, कागद झेरॉक्सवरून नाही ओरिजिनलवरून स्कॅन करा, पावतीचा नंबर जपून ठेवा. अर्ज 'त्रुटी' मारून आला तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून घरी येऊ नका. समृद्धीवर चढण्याआधी हवा चेक करा, टाकी फुल करा, फास्टॅगमध्ये बॅलन्स ठेवा. आणि एसटीत पूर्ण तिकीट काढणारे असाल तर सीट मिळेल ही अपेक्षा ठेवू नका.