रेसेटियर: बरेच महिने खेळून झाल्यावर काय वाटतं

बहुतेक अ‍ॅक्शन आरपीजीमध्ये (म्हणजे राक्षस मारत आपलं पात्र वाढवत न्यायचे गेम) पैसा नुसता साचत जातो, अर्धा गेम झाला की आपण त्या आकड्याकडे बघतही नाही. रेसेटियर या गेममध्ये तसं नाही. इथे पूर्ण गेमच पैशावर चालतो आणि राक्षस बिक्षस मारणं हा जोडधंदा आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, इझीगेमस्टेशन नावाच्या छोट्याशा जपानी ग्रुपने 2007 मध्ये हा गेम काढला आणि 2010 मध्ये कार्पे फुल्गुर नावाच्या टीमने तो इंग्रजीत आणला. रेसेट नावाची मुलगी, तिचा बाप साहसी वीर व्हायला म्हणून घर सोडून गेला तो गायबच, आणि जाताना डोक्यावर कर्ज ठेवून गेला. वसुलीला येते टिअर नावाची परी, फायनान्स कंपनीची माणूस (म्हणजे परी). ती म्हणते घर विकायचं नसेल तर खाली दुकान टाक. आणि दुकानाचं नाव काय, तर दोघींची नावं जोडून रेसेटियर.

कर्ज आहे 8,20,000 पिक्स (गेममधलं चलन), फेडायचं पाच आठवड्यांत. हप्ते बघा, 10,000, मग 30,000, मग 80,000, मग 2,00,000 आणि शेवटचा डायरेक्ट 5,00,000. पहिले दोन हप्ते असे निघून जातात की वाटतं गेम सोपा आहे, चौथ्यापासून घाम फुटतो. हप्ता चुकला तर रेसेट खोक्यात राहायला जाते, मग ते सगळं स्वप्न होतं असं म्हणून गेमच्या दुसऱ्या दिवसापासून परत सुरू, पण तुमचा माल आणि लेव्हल तशीच राहते. त्यामुळे हरलं तरी फार चिडचिड होत नाही.

आता खरी मजा काउंटरवर आहे. गिऱ्हाईक वस्तू उचलून आणतं, तुम्हाला तिचा मूळ भाव दिसतो आणि तुम्ही आकडा सांगायचा. जास्त सांगितलात तर ते कुरकुरतं, परत एक चान्स मिळतो, तिथेही ताणलंत तर तोंड वाकडं करून निघून जातं. सुरुवातीला प्रत्येकाला 130 टक्के सांगायचा मोह होतो आणि बरेच जण देतातही, पण गंमत अशी की मूळ भावाच्या 104-105 टक्क्यांच्या आसपास सांगितलं की गिऱ्हाईक एका फटक्यात हो म्हणतं, बोनस मिळतो, आणि असे सौदे लागोपाठ झाले की अनुभवाचे पॉइंट भराभर वाढतात. गिऱ्हाईक खूश राहिलं की हळूहळू त्याचं बजेटही वाढतं. म्हणजे आज चार पैसे सोडले तर नंतर तोच माणूस महागडं चिलखत घेऊन जातो. लहान मुलीकडे खाऊचे पैसे असतात तितकेच, म्हातारबाबा बरे देतात, आणि अलुएट नावाची श्रीमंत मुलगी आली की मी सरळ भाव चढवते, तिच्या बाबतीत मला अजिबात वाईट वाटत नाही 😄

भाव पण स्थिर नसतात. अचानक बातमी येते की अमुक प्रकारच्या मालाचे भाव पडले, तेव्हा बाजारातून उचलून ठेवायचा आणि चढले की काढायचा. मग हळूहळू ऑर्डरी यायला लागतात, अमुक दिवसांनी एवढा माल पाहिजे म्हणून, आणि नेमकं तेव्हाच दुकानात तो माल नसतो. दिवसाचे चार भाग, दुकान उघडलं की एक जातो, डंजनला (राक्षसांनी भरलेलं, मजल्यामजल्यांचं भुयार, तिथे माल सापडतो) गेलं की दोन. त्यामुळे रोज सकाळी हिशोब करत बसावं लागतं, आज माल आणायला जायचं की आहे तोच विकायचा.

डंजनचा भाग ठीकठाक. रेसेट स्वतः लढत नाही, एखाद्या साहसवीराला घेऊन जायचं, पहिला मिळतो तो लुई, कायम भुकेला आणि कायम कडका. मारामारी साधी आहे, मजले एकसारखे दिसतात, थोड्या वेळाने कंटाळा येतो हे खरंय. पण आत जे सापडतं ते फुकटातलं, म्हणजे विकलं की सगळा नफा, आणि वीर आडवा पडला तर त्यातलं जवळपास सगळं तिथेच सोडून यावं लागतं. त्यामुळे पिशवी भरली की अजून एक मजला उतरू का नको ही धाकधूक असते, ती लढाईपेक्षा भारी. आणि एक जबरदस्त गोष्ट, तुम्ही लुईला दुकानात चांगली तलवार परवडेल अशा भावात विकली की तो तीच घालून डंजनमध्ये येतो. त्याला लुबाडलंत तर तो आपला जुन्याच तलवारीने मार खात बसणार आणि तुमचा माल आतच राहणार!

लिखाण एकदम धमाल आहे, रेसेटचं ते "कॅपिटलिझम, हो!" डोक्यातून जात नाही, आणि टिअर तिला धंदा शिकवताना जी वैतागते ते वाचायला मजा येते. ग्राफिक्स जुने आहेत, चकचकीत काही पाहिजे असेल तर हा गेम नको. कर्ज फिटल्यावरही खेळता येतं, एंडलेस मोडमध्ये निवांत दुकान चालवा, नाहीतर सर्व्हायव्हल घ्या, त्यात हप्ते दर आठवड्याला वाढतच जातात. मी सध्या तिथेच अडकलेय.

घेणार असाल तर गेमपॅडवर खेळा, कीबोर्डवर डंजनमध्ये बोटं दुखतात. आणि आठवडा सुरू झाला की वेगळ्या स्लॉटमध्ये सेव्ह करून ठेवा, हप्त्याच्या आदल्या रात्री गल्ला कमी दिसला की उपयोगी पडतं.