हसताना हिरड्या दिसतात: बोटॉक्स घ्यावं की हिरडी कापून घ्यावी?

हसताना वरच्या हिरडीची 3-4 मिलिमीटरपेक्षा जास्त पट्टी दिसते आणि ती खटकते, तर आधी कारण शोधा, दर नंतर विचारा. ओठ वर ओढणारे स्नायू फार जोरात ओढत असतील तर बोटॉक्सचा, म्हणजे स्नायू काही काळ सैल करणाऱ्या इंजेक्शनचा, उपयोग होतो. दातच हिरडीखाली झाकलेला असेल तर शस्त्रक्रिया. यात गल्लत झाली की पैसे गेलेच.

दंतवैद्याकडून दोन मापं घ्या. ओठ सैल सोडलेला असतो तिथून मोठ्याने हसताना तो साधारण 6 ते 8 मिलिमीटर वर सरकतो. त्याहून जास्त सरकला तर स्नायूंचं काम. पुढचा मोठा दात 10-11 मिलिमीटर उंच असतो. कड झिजलेली नसताना तो 8च भरला, तर बाकीचा हिरडीखाली आहे. रक्तदाबाच्या अ‍ॅम्लोडिपिनने किंवा फिटच्या फेनिटॉइनने हिरडी फुगली असेल तर दोन्ही उपाय थांबवा. आधी दातांची सफाई करून घ्या आणि औषध बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. गोळी मनाने बंद करू नका.

बोटॉक्समध्ये नाकपुडीच्या बाजूला दोन्हीकडे एकेक टोचणी, प्रत्येकी 2 ते 3 युनिट. 100 युनिटच्या बाटलीत 2.5 मिलिलिटर सलाइन घातलं तर 0.1 मिलिलिटरमध्ये 4 युनिट येतात. म्हणजे सुईत थेंबभरच औषध, आणि हात जरा चुकला तरी फरक दिसतो. सुई खाली किंवा बाहेर गेली तर ओठाचा कोपरा ढळतो. दोन बाजूंना कमीजास्त पडलं तर हसू वाकडं. डोस जास्त झाला तर ओठ लोंबून दात झाकले जातात, स्ट्रॉने ओढताना आणि 'प', 'ब' म्हणताना अडखळायला होतं. यावर उतारा नाही, असर ओसरण्याची वाट पाहावी लागते. म्हणून पहिल्यांदा कमीच घ्या. दोन आठवड्यांनी वाढवता येतं. चाळिशीनंतर ओठ आपोआप खाली येत असतो, तेव्हा तर हात आखडताच हवा.

डिस्पोर्ट या त्याच प्रकारच्या दुसऱ्या ब्रँडचं युनिट बोटॉक्सच्या युनिटएवढं नसतं, त्यामुळे बाटली पाहूनच आकडा समजून घ्या. औषध 2 ते 8 अंशांत राहायला हवं. सोलापूरचा मे महिना लक्षात घेता ते कसं आणलं, कुठे ठेवलं, हे विचारायला लाजू नका. गरोदरपणात, अंगावर पाजताना किंवा मायस्थेनिया (स्नायू कमजोर होण्याचा आजार) असेल तर बोटॉक्स टाळा. असर तीन-चार दिवसांत सुरू होतो, दोन आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन-चार महिन्यांत उतरतो. लग्न ठरलं असेल तर किमान महिनाभर आधी घ्या.

हिरडीची शस्त्रक्रिया नीट झाली तर टिकते. मात्र हाड हिरडीच्या नव्या कडेपासून सुमारे 3 मिलिमीटर दूर हवं. ते न मोजता नुसतं लेझरने कापलं तर हिरडी पुन्हा वाढते. जखम भरेपर्यंत कडक भाकरी आणि शेंगाचटणी बंद. मावा-तंबाखू सुटत नसेल तर जखम भरायला वेळ लागतो, हे आधीच डॉक्टरांना सांगा.

वरचा जबडाच उभा लांब असेल तर या दोन्हींनी भागत नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे दंतवैद्य) आणि जबड्याचे सर्जन दोघांनाही दाखवावं लागतं.