गीसेनचं लीबिग म्युझियम : एका खतविक्रेत्याचा अभिप्राय

माझं तासगावात खत-औषधांचं दुकान. लेक फ्रँकफुर्टला नोकरीला असते, तिच्याकडे गेलो तेव्हा आमच्या मंडळींना ऱ्हाईन नदीत बोटीने फिरायचं होतं. मी म्हटलं, बोट नंतर, आधी गीसेन. फ्रँकफुर्टहून रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं, स्टेशनातून म्युझियम चालत काही मिनिटांवर.

पिकाला जमिनीतले क्षार लागतात, आणि पिकाने नेलेले क्षार परत टाकले नाहीत तर जमिनीचा कस जातो, हे ज्याने १८४० सालच्या पुस्तकातून जगाच्या गळी उतरवलं, त्या युस्टुस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची ही प्रयोगशाळा. १८०३ साली डार्मश्टाटला जन्म, वडिलांचं रंग-रसायनांचं दुकान. म्हणजे आमच्याच लाईनचा माणूस! एकविसाव्या वर्षी इथे प्राध्यापक झाला आणि १८५२ साली म्युनिकला जाईपर्यंत इथेच राहिला.

चकचकीत म्युझियम बघायची सवय असेल तर पहिल्या पाच मिनिटांत वाटेल, हे काय, जुनं घर दाखवतायत. इमारत मुळात लष्करी पहारेकऱ्यांची. खाली प्रयोगशाळा, वर लीबिगचा संसार. सुरुवातीची खोली इतकी लहान की भट्टी पेटल्यावर पोरं आत उभी कशी राहत असतील याचंच नवल. १८३९ साली वाढवलेली प्रयोगशाळा मात्र ऐसपैस आहे. भिंतीत काचेची कपाटं, घातक वाफा त्यांच्यातून परस्पर धुराड्यात. आजही कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये ही सोय नीट चालत नाही. शेजारी व्याख्यानाची खोली. केकुले आर्किटेक्ट व्हायला गीसेनला आला होता, लीबिगची व्याख्यानं ऐकून रसायनाकडे वळला. बेंझिनच्या रेणूत कार्बनचे अणू कड्यासारखे जोडलेले असतात हे मांडणारा तोच हा केकुले.

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते काचेच्या एका एवढ्याशा वस्तूपाशी. पाच फुगे असलेली त्रिकोणात वाकवलेली नळी, १८३१ सालची. पदार्थ कॉपर ऑक्साईडबरोबर जाळायचा. निघालेलं पाणी आधी कॅल्शियम क्लोराईडने टिपायचं, मग कार्बन डायऑक्साईड या फुग्यांमधल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणातून जाऊ द्यायचा, ते तो शोषून घेतं. नळीचं आधीचं वजन, नंतरचं वजन. जेवढं वाढलं त्यावरून कार्बन किती ते कळलं. संपला हिशोब! आधी ज्याला कसबी हात आणि बराच वेळ लागायचा, ते काम नवशिकी पोरंही करू लागली, म्हणून तर देशोदेशीचे विद्यार्थी या गावात आले. अमेरिकन केमिकल सोसायटीच्या चिन्हात आजही ही नळी आहे.

कृषी कंपन्यांच्या कॅलेंडरवर ते पिंपाचं चित्र असतं ना, जी फळी सगळ्यात आखूड तिथून पाणी वाहून जातं, ते लीबिगच्या नावावर खपतं. चित्र नंतरच्या लोकांचं, आणि जे अन्नद्रव्य सगळ्यात कमी पडतं त्यावरच पीक अडतं हा त्यातला नियमही आधी श्प्रेंगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलेला. पण लीबिगने तो ठासून सांगितला, आणि नाव त्याचं झालं. आमच्याकडे पानाच्या कडा करपलेल्या दिसत असताना, म्हणजे बहुधा पोटॅश कमी पडत असताना, बागायतदार नत्राचं, युरियाचंच पोतं मागतो, तेव्हा मीही त्याचंच नाव घेतो.

मला त्याच्याबद्दल खरी आपुलकी वाटते ती त्याच्या पडलेल्या मालामुळे. १८४० च्या दशकात त्याने स्वतःचं पेटंट खत इंग्लंडच्या बाजारात आणलं. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून क्षार वितळवून असे घट्ट केले की ते पाण्यात विरघळेनात, मग मुळांना काय मिळणार? शिवाय नत्र पिकाला हवेतून पुरेसं मिळतं या समजुतीने त्याकडे दुर्लक्ष. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती-प्रयोगकेंद्राच्या लॉज आणि गिल्बर्टनी शेतात प्रयोग करून ते खोडून काढलं. पोटॅश मातीच धरून ठेवते, हे कळल्यावर विरघळण्याबाबतची चूक त्याने पुढे छापून कबूल केली. आमच्या धंद्यात एवढं कोण करतं? फसलेला माल नवं लेबल लावून पुढच्या हंगामात परत येतो.

मांसाच्या अर्काचा त्याचा उद्योग मात्र जोरात चालला. १८६५ साली कंपनी निघाली, उरुग्वेत फ्राय बेंटोसला कारखाना. आम्ही माळकरी, त्यामुळे त्या विषयात फार रेंगाळलो नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण एवढ्यासाठी राखला की रसायनाचा गंध नसलेल्याला अर्ध्या तासात कंटाळा येईल. आमच्या मंडळींना आलाच. लहान मुलं बरोबर असतील तर त्याच रस्त्यावर गणिताचं माथेमाटिकुम आहे, तिथे सगळं हाताळता येतं. दोन्ही एका दिवसात होतात. जायच्या आधी उघडण्याचे वार आणि वेळा तेवढ्या बघून घ्या, आणि शक्य असेल तर जर्मन येणारं कुणी सोबत न्या. आमच्या लेकीने पाट्या वाचून दाखवल्या, म्हणून एवढं तरी पदरात पडलं.