‘मुठीत मावणारे’ गिनीपिग : सावध राहा

‘टीकप’ किंवा ‘मिनी’ अशी नावे देऊन नेहमीच्या गिनीपिगपेक्षा कितीतरी जास्त किमतीला जे इवलेसे प्राणी विकले जातात, ते बुटक्या जातीचे नसून आईपासून तोडलेली नवजात पिल्ले असतात. गिनीपिगची अशी मान्यताप्राप्त बुटकी जातच नाही. पुण्यातील एका विक्रेत्याने अशी दोन पिल्ले ‘सहा महिन्यांच्या सख्ख्या बहिणी’ म्हणून नऊ हजार रुपयांना आमच्या गळ्यात मारली.

ही लबाडी खपते, कारण उंदराचे पिल्लू जसे बिनकेसांचे आणि मिटल्या डोळ्यांचे जन्मते तसे गिनीपिगचे नसते. मादीचा गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा, म्हणजे एवढ्याशा प्राण्याच्या मानाने बराच मोठा असतो; त्यामुळे पिल्लू जन्मते तेच अंगभर केस, उघडे डोळे आणि आलेले दात घेऊन. काही तासांत ते पळू लागते आणि एक-दोन दिवसांत पाला कुरतडू लागते. विक्रेत्याने नेमका याचाच फायदा घेतला. त्याने कोथिंबिरीची काडी पिल्लाच्या तोंडाशी धरली आणि ते ती चघळू लागताच म्हणाला, “बघा ताई, खातंय की नाही? दूधपितं असतं तर खाल्लं असतं का?” बिल मागितल्यावर “जनावराचं कसलं बिल?” असे उत्तर मिळाले, मात्र सोनेरी किनारीचे ‘जातीचे प्रमाणपत्र’ तत्परतेने हाती आले.

घरी आणल्यावर दोन्ही पिल्ले कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसून राहिली आणि धाकट्याला जुलाब सुरू झाले. स्वयंपाकघरातील काट्यावर एक 88 ग्रॅम भरले, दुसरे 71. पूर्ण वाढलेला गिनीपिग साधारण 700 ते 1200 ग्रॅमचा असतो आणि जन्मतःच पिल्लू 60 ते 100 ग्रॅमचे असते, हे समोर ठेवले की या आकड्यांचा अर्थ लावायला तज्ज्ञ लागत नाही. पशुवैद्यांनी धाकट्याला उताणे करून पोटावरचा दोऱ्यासारखा वाळलेला नाळेचा तुकडा दाखवला. शिवाय ‘बहिणीं’पैकी एक नर निघाला. गिनीपिग महिन्याभराच्या आसपास वयात येऊ लागतात, त्यामुळे ही जोडी एकत्र वाढली असती तर पुढे काय झाले असते ते सांगायला नको.

पिल्लू पाला खात असले तरी सुमारे तीन आठवडे त्याला आईचे दूध हवेच असते. विक्रेत्याने फोनवर ड्रॉपरने गाईचे दूध पाजायला आणि जुलाबावर मेडिकलमधून लहान मुलांचे अमॉक्सिसिलिन आणून द्यायला सांगितले. हे दोन्ही सल्ले जीवघेणे आहेत. ड्रॉपरने घाईने पाजलेले दूध फुप्फुसात उतरू शकते आणि तोंडावाटे दिलेले अमॉक्सिसिलिन गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मारून त्याचा जीव घेऊ शकते. डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग निराळा होता : दुसरी दूध पाजणारी मादी शोधायची, कारण ती परकी पिल्लेही बहुधा जवळ करते, तोवर फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीची ऊब द्यायची आणि भिजवलेले पेलेट, म्हणजे गिनीपिगच्या तयार खाद्याच्या गोळ्या, उथळ ताटलीत ठेवायचे. वाळलेले गवत सतत हवे. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, म्हणून ढोबळी मिरचीचा तुकडा रोज हवा; पाण्यात मिसळलेल्या थेंबांचा प्रभाव लवकर ओसरतो. वजन रोज ठरावीक वेळी करायचे आणि ते घटत राहिले तर थांबून न राहता दवाखाना गाठायचा. धाकटे त्याच रात्री गेले. थोरले एका ओळखीच्या घरातील मादीने सांभाळले आणि आज ही कधीच न वाढणारी ‘मिनी’ 850 ग्रॅमची आहे.

विक्रेत्याने “तुमच्याकडची हवा मानवली नाही” असे सांगून दुसरे पिल्लू अर्ध्या किमतीत देऊ केले आणि पैसे परत मागताच आमचा नंबर ब्लॉक केला. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे हीच मुळात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रार 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. आमच्याकडे यूपीआयची नोंद, विक्रेत्याचे संदेश, काट्यावरच्या वजनाची छायाचित्रे आणि पशुवैद्यांचा लेखी अभिप्राय होता, म्हणून तक्रारीला आधार मिळाला. ती अजून निकाली निघालेली नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी 2018 चे केंद्रीय नियम असून त्यांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडील नोंदणी बंधनकारक आहे. पैसे देण्यापूर्वीच ते नोंदणीपत्र मागावे.

खरेदीला जाताना छोटा डिजिटल काटा बरोबर न्यावा. सहा महिन्यांचे म्हणून दाखवलेले जनावर 500 ग्रॅमच्या आत भरले, तर विक्रेत्याचे पुढचे काहीही ऐकून घेऊ नये. वजन करू देण्यासच तो नकार देत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा. पोटावर नाळेचा अवशेष आहे का ते पाहावे आणि पिल्लाची आई प्रत्यक्ष दाखवण्याचा आग्रह धरावा; ‘आई फार्मवर आहे’ हे उत्तर आम्हालाही मिळाले होते.