वेग्नरची वाय-खुर्ची: जुनी घ्यायची तर आधी उलटवून बघा

जुन्या डॅनिश खुर्च्या विकणारे नवी विणलेली बैठक कौतुकाने पुढे करतात. सीएच-24, म्हणजेच विशबोन किंवा वाय-खुर्ची, घेताना नेमकी तीच गोष्ट शेवटी बघावी. बैठक पुन्हा विणता येते. या खुर्चीचा जीव मागच्या पायांच्या वरच्या टोकाशी असतो, आणि तो सांधा गेला की नुसत्या विणकामाने काही साधत नाही.

डॅनिश डिझायनर हान्स वेग्नर यांनी ही खुर्ची 1949 साली डेन्मार्कमधल्या ओडेन्सच्या कार्ल हान्सन अँड सन या कारखान्यासाठी आखली. 1950 पासून ती सतत बनते आहे. 1949 मध्येच त्यांनी योहानेस हान्सन यांच्या कार्यशाळेसाठी ‘राउंड चेअर’ केली. ती कसबी सुतारांच्या हातची, महागडी. वाय-खुर्ची मात्र पहिल्यापासून कारखान्यात बनावी म्हणून आखलेली. दोन्हींचं मूळ मिंगकालीन चिनी खुर्च्यांत आहे. वेग्नर यांनी 1944 मध्ये त्यावरून ‘चायना चेअर’ केली होती आणि पुढे तोच आकार ते साधा करत गेले. सीएच-24 मध्ये पाठ आणि हात मिळून वाफेवर वाकवलेली एकच लाकडी पट्टी उरली. ती बारीक असल्याने मधे आधार हवा, म्हणून पाठीला बेचकीसारखा वाय आला. तो शोभेचा नाही.

खरी हुशारी मागच्या पायांत आहे. ते तिन्ही दिशांनी वळल्यासारखे दिसतात, पण कापलेले असतात सपाट फळीतूनच. ते पुढे झुकून हातांना खालून धरतात, म्हणून पुढचे पाय बैठकीपाशीच थांबतात. हातांखाली पुढे दुसरा आधार नाही. कोणी हातावर बसलं किंवा मागच्या दोन पायांवर झोके घेत राहिलं, की सगळा ताण पाय आणि पट्टीच्या त्या छोट्या सांध्यावर येतो. जुन्या खुर्च्या बहुधा तिथेच ढिल्या होतात.

तपासायची रीत सोपी आहे. एक गुडघा बैठकीवर ठेवा, दोन्ही हातांनी वरची पट्टी धरून हलकेच पिळा. करकर ऐकू आली किंवा सांध्यात केसाएवढी फट उघडली, तर गोंद सुटलाय. वाय जिथे पट्टीत शिरतो ती खाच खालून बघा. वाय पातळ थर दाबून केलेला असतो. दोन्ही फाट्यांच्या टोकाला थर सुटलेत का, तेही नखाने चाचपा. मग खुर्ची उलटी करून खालच्या आडव्या दांड्या एकेक फिरवून पाहा. दांडी फिरली तर चिंता नाही, ते काम होण्यासारखं आहे: सांधा उकलायचा, जुना गोंद खरवडून लाकूड उघडं करायचं, मगच नवा लावून क्लॅम्प आवळायचा. जुन्या थरावर ओतलेला नवा गोंद लाकडात शिरतच नाही आणि काही दिवसांत सुटतो. सांध्यात खिळा किंवा स्क्रू ठोकलेला दिसला, तर सरळ पुढच्या दुकानात जा. दांडीचं टोक आतून चिरलेलं असण्याची शक्यता मोठी. वरच्या पट्टीला वळणावर भेग असेल तरीही तेच.

बैठक कागदी दोरीची. दुसऱ्या महायुद्धात समुद्री गवताची दोरी मिळेना, तेव्हा डेन्मार्कमध्ये हा पर्याय पुढे आला आणि युद्धानंतरही टिकला. एका बैठकीला सुमारे 120 मीटर दोरी लागते. नेहमीची तीनेक मिलिमीटरची दोरी घेतली तर साधारण किलोभर. कारखान्यातला सराईत कारागीर ती तासाभरात विणतो. नवशिक्याने पूर्ण दिवस धरावा. बैठक पुढे रुंद, मागे अरुंद. म्हणून आधी पुढचे दोन कोपरे जादा फेऱ्यांनी भरून मधली जागा चौकोनी करून घ्यावी लागते. हे चुकलं तर मधली रेघ तिरकी जाते आणि शेवटपर्यंत तिरकीच राहते. दोरी हलकी ओलसर करावी, भिजवू नये, नाहीतर कागदाचा पीळ सुटतो. एक फेरी सैल राहिली तर शेजारच्या फेऱ्याही सरकतात, म्हणून दर काही फेऱ्यांनी लाकडी ठोकळ्याने दोऱ्या एकमेकींना भिडवाव्यात. जुन्या बैठकीत दोरी पुढच्या काठावर, मांड्या घासतात तिथे आधी तुटते. एखादीच तुटली असेल तर खालून गाठ मारून चालवता येते, पण तो तात्पुरता इलाज.

नकला चिक्कार आहेत. (जपानमध्ये कारखान्याने 2011 साली कोर्टात जाऊन या आकाराची त्रिमितीय ट्रेडमार्क म्हणून नोंद मिळवली.) वरच्या पट्टीवरचे लाकडाचे रेषे एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत अखंड जायला हवेत, मधे तुकडे जोडल्याच्या खुणा दिसल्या तर ती नक्कल असू शकते. जाडजूड, भरीव फळीतून कापलेला वायही तेच सांगतो. शिक्का किंवा लेबल असल्यास उत्तम, पण लेबलं गळतात, त्यामुळे ते नाही एवढ्यावरून खुर्ची खोटी ठरवू नये.

मापं मोजूनच घ्या. जुन्यांची बैठक साधारण 43 सेंटीमीटर उंच, आताच्यांची 45. आपल्याकडचं जेवणाचं टेबल बहुतेक 75 चं. त्यावर जुन्या खुर्चीत दबलेल्या बैठकीसह बसलं की ताट छातीशी येतं. 72 च्या टेबलाला मात्र ती छान जमते. हात साधारण 70 सेंटीमीटरवर असतात, त्यामुळे टेबलाच्या कडेखाली लाकडी पट्टी असेल तर खुर्ची आत सरकत नाही. छोट्या फ्लॅटमध्ये ही अडचण रोजची. तिथे दुसरे डॅनिश डिझायनर बोर्ये मोगेनसेन यांची 1947 ची जे-39 खुर्ची घ्यावी: तशीच कागदी बैठक, हात नाहीत, आणि आमच्या मते रोजच्या जेवणाला जास्त सोयीची.

मराठी स्वयंपाकाशी या खुर्चीचं फारसं सख्य नाही. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, तेलाचा दोरीत कायमचा मुरतो. सांडलं की लगेच टिपावं, चोळू नये. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दोरी ओल धरते, सैल पडते, बुरशीही येते. खुर्ची भिंतीला चिकटवून न ठेवता पंख्याच्या वाऱ्यात ठेवावी. खुर्चीचं ओक लाकूड साबणाने राखलेलं असेल तर लिटरभर कोमट पाण्यात दोनेक मोठे चमचे बिनवासाचे, बिनरंगाचे साबणाचे फ्लेक्स विरघळवून, फडकं घट्ट पिळून रेषांच्या दिशेने पुसावं. वाळल्यावर रेषे उभे राहतात, त्यांवर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवावा. लॅकर किंवा तेल लावलेल्या खुर्चीवर हा प्रयोग करू नये.

सांधे घट्ट आणि बैठक फाटकी अशी खुर्ची मिळाली, तर विणकामाचा खर्च किमतीतून वजा करायला सांगून घासाघीस करा.